पासष्टीचं कार्ड

पोस्टमन ते जाहिरातींच्या गठ्ठ्यातच टाकून जातो. पासष्टी जवळ आलेल्या माणसाच्या पेटीत त्या दिवसांत रोज चकचकीत पाकिटं पडत असतात. हसरी जोडपी, हिरवळ, मोठ्या अक्षरातले फोन नंबर. त्यांच्यात हे एक साधं पाकीट असतं. फोडलं की आत पत्र आणि पत्रासोबत एक कागदी कार्ड. लाल, पांढरं, निळं. फोटो नाही, चिप नाही, चमक नाही. हातात घेतलं तर वजन जाणवत नाही.

2018 साली ह्यांचं मेडिकेअरचं, म्हणजे अमेरिकेतल्या पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड आलं, तेव्हा ह्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "एवढंच?" म्हणाले, आणि पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवून दिलं. नोकरीच्या पहिल्या पगारापासून त्या कार्डापायी दर शंभर डॉलरमागे सुमारे दीड डॉलर कापला जात होता, आणि तेवढीच भर मालक घालत होता. पस्तीस वर्षांच्या कापणीचं पीक म्हणून हातात आला तो हा कागदाचा तुकडा. मी मात्र तो फाइलमधून पुन्हा काढला आणि खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. त्या दिवसापासून आमची ओळख आहे. पुढच्याच वर्षी मी प्रशिक्षण घेतलं आणि आमच्या काउंटीच्या मोफत सल्लाकेंद्रात स्वयंसेविका झाले. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात असं केंद्र असतं, त्याला 'शिप' म्हणतात. आम्ही काही विकत नाही, कुठल्या कंपनीची शिफारस करत नाही. वाचनालयातल्या एका टेबलापाशी बसतो आणि समोरच्या माणसाला त्याचं कार्ड वाचायला मदत करतो.

वाचायला त्यावर मोजून चार गोष्टी असतात. नाव. नावाखाली अकरा खुणांचा एक नंबर. मग 'हॉस्पिटल, पार्ट ए' आणि 'मेडिकल, पार्ट बी' अशा दोन ओळी. आणि त्या ओळींसमोर दोन तारखा. नंबरात आकडे आणि अक्षरं मिसळलेली असतात, पण एस, एल, ओ, आय, बी आणि झेड ही सहा अक्षरं त्यात कधीच येत नाहीत. ओ शून्यासारखा दिसतो, आय आणि एल एकासारखे, एस पाचासारखा, बी आठासारखा, झेड दोनासारखा. मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांची इतकी काळजी घेतलेला दुसरा सरकारी नंबर माझ्या पाहण्यात नाही. बाई की पुरुष, ते कार्डावर लिहिलेलं नसतं. सहीची रेघही नसते.

आणि ते जोडीनं येत नाही. हा त्याचा सगळ्यात ठळक स्वभाव. नोकरीतल्या विम्यात नवरा, बायको, मुलं एकाच छत्रीखाली असतात. मेडिकेअरच्या घरी कुटुंबाची छत्री नाही. नवऱ्याला नवऱ्याचं, बायकोला बायकोचं. वय ज्याचं त्याचं, नंबर ज्याचा त्याचा, निवडही ज्याची त्याची. सगळं आयुष्य 'आम्ही दोघं' म्हणून काढलेल्या आपल्या लोकांना हे एकदम उमगत नाही. गेल्या काही वर्षांत मी जे समजावत आले, ते सगळं शेवटी याच एका गोष्टीपाशी येतं.

या कार्डाचा जन्म 30 जुलै 1965चा, मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावचा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन कायद्यावर सही करायला मुद्दाम तिथवर गेले, कारण ते हॅरी ट्रूमन यांचं गाव. साऱ्या देशाला आरोग्यविमा मिळावा ही मागणी ट्रूमन यांनी राष्ट्राध्यक्ष असताना 1945 सालीच काँग्रेसपुढे ठेवली होती आणि ती हाणून पाडली गेली होती. वीस वर्षांनी, ते एक्क्याऐंशी वर्षांचे असताना, निदान म्हाताऱ्यांपुरता तो विमा झाला. पहिलं कार्ड ट्रूमन यांना मिळालं, दुसरं त्यांच्या पत्नी बेस यांना. तिथेही दोघांची दोन.

ए आणि बी अशा दोन ओळी का, याचंही उत्तर त्या जन्मातच आहे. विल्बर मिल्स नावाचे एक खासदार होते. काँग्रेसमधली करांची समिती त्यांच्या हातात होती. समोर आलेले तीन वेगळे प्रस्ताव त्यांनी एकाच कायद्यात एकावर एक रचले. पगारातल्या कपातीवर चालणारा रुग्णालयाचा विमा, तो पार्ट ए. दरमहा हप्ता भरून स्वखुशीनं घ्यायचा डॉक्टरांचा विमा, तो पार्ट बी. आणि गरिबांसाठीची तिसरी योजना, ती मेडिकेड. आज साठ वर्षांनंतरही पार्ट ए बहुतेकांना हप्त्याशिवाय मिळतो आणि पार्ट बीला हप्ता पडतो, तो याच जुन्या रचनेमुळे. 1966 साली तो हप्ता महिन्याला 3 डॉलर होता. 2025 साली 185.

1 जुलै 1966 रोजी कार्ड चालू झालं आणि पहिल्याच वर्षी त्यानं एक मोठं काम केलं. तोवर दक्षिणेतल्या कित्येक रुग्णालयांत काळ्या लोकांचे वॉर्ड वेगळे होते, बसायच्या खोल्या वेगळ्या होत्या. सरकारनं सांगितलं, भेदभाव ठेवाल तर मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही. काही महिन्यांच्या आत हजारावर रुग्णालयांनी त्या भिंती पाडल्या. वेगळा पाणवठा म्हणजे काय हे ज्या मातीला ठाऊक आहे, त्या मातीतून आलेल्या माणसानं कार्डाची ही गोष्ट विसरू नये. त्यावर फोटो नाही, हे मला ती कळल्यापासून फार मोलाचं वाटतं.

जॉन्सन यांनी त्याच वर्षी आणखी एक सही केली. 3 ऑक्टोबर 1965, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पायाशी. त्या कायद्यानं देशानुसार ठरलेले स्थलांतराचे जुने कोटे मोडले आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांना इथलं दार उघडलं. पुण्या-मुंबईहून, नागपूर-सांगलीहून दोन बॅगा घेऊन जी मुलं इथे उतरली, ती त्या दुसऱ्या सहीमुळे. आज तीच मुलं काठी टेकत माझ्या टेबलापाशी येतात, ती पहिल्या सहीचा अर्थ विचारायला.

कार्ड बोलतं फक्त तारखांत. ज्या महिन्यात पासष्ट पूर्ण होतात तो महिना, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन, असे सात महिने नोंदणीसाठी. आधीच्या तिनांत नाव घातलं, तर वाढदिवसाच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून विमा चालू. जन्म एक तारखेचा असेल तर आणखी एक महिना आधी. सोशल सिक्युरिटीची पेन्शन पासष्टीआधीच सुरू केली असेल, तर कार्ड आपोआप घरी येतं. इथेच बहुतेकांची गफलत होते. 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन सदुसष्टाव्या वर्षी मिळते, म्हणून ते सदुसष्टची वाट पाहतात. कार्डाचं वय मात्र पासष्टच राहिलं. पेन्शनसाठी थांबलेल्या माणसाच्या पेटीत ते पाकीट आपोआप पडत नाही. ते मागावं लागतं.

नोकरी चालू असेल आणि मालकाकडे वीस किंवा जास्त माणसं असतील, तर पार्ट बीसाठी थांबता येतं. बायकोच्या नोकरीचा विमा नवऱ्याला असेल तरी चालतं. ती नोकरी किंवा तो विमा, जे आधी संपेल तिथून आठ महिने हाताशी असतात. यात 'चालू नोकरी' हे शब्द महत्त्वाचे. नोकरी सुटल्यावर स्वतःच्या खिशातून पैसे भरून तोच विमा पुढे ओढता येतो, त्याला कोबरा म्हणतात. कोबरा चालू नोकरीत धरत नाहीत.

एका गृहस्थांना हे माझ्यापाशी येऊनच कळलं. सहासष्टाव्या वर्षी, 2021च्या ऑक्टोबरअखेर, त्यांची नोकरी गेली. कोबरा अठरा महिने मिळाला. विमा आहे म्हणून ते निर्धास्त होते. हप्ता नियमित जात होता, कार्डांच्या खणात विम्याचं कार्ड होतं, काळजीचं कारण त्यांना दिसत नव्हतं. 2023च्या एप्रिलअखेर कोबरा संपला आणि मे महिन्यात ते पार्ट बी मागायला गेले. आठ महिने केव्हाच उलटून गेले होते. जानेवारी ते मार्च ही वर्षातली सर्वसाधारण नोंदणीही नुकतीच संपली होती. पुढचं दार जानेवारी 2024ला उघडणार, विमा फेब्रुवारीत लागणार. मधले नऊ महिने डॉक्टरांचा विमा नाही. शिवाय उशिराचा दंड. पूर्ण बारा महिन्यांमागे हप्त्याच्या दहा टक्के, म्हणजे त्यांना वीस टक्के, आणि तो एकदाचा नाही. पार्ट बी असेपर्यंत दर महिन्याला. 2025च्या हिशेबानं 37 डॉलर, आणि हप्ता वाढेल तसा दंडही वाढणार. माझ्यासमोर बसून त्यांनी बोटांवर महिने मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. मग हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "ताई, मी एक दिवससुद्धा विम्याशिवाय राहिलो नव्हतो हो." खरं होतं ते. म्हणूनच नोकरी सोडताना, सुटताना किंवा पासष्टीच्या सहा महिने आधी कुणीही माझ्याशी बोललं, की मी पहिल्यांदा कॅलेंडर मागते. हेल्थ सेव्हिंग्ज खात्यात पैसे टाकणाऱ्यांना तर हे आवर्जून सांगते. पासष्टीनंतर उशिरा अर्ज केला की पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेनं लागू होतो, आणि त्या महिन्यांत खात्यात टाकलेले पैसे नियमबाह्य ठरतात. ते खातं आधीच थांबवावं.

तारखांनंतरचा प्रश्न असतो सोबतीचा. एकट्या कार्डावर सगळं निभत नाही. रुग्णालयात दाखल झालं की 2025 साली पहिले 1676 डॉलर आपले. डॉक्टरांच्या बाजूला वर्षाचे पहिले 257 आपले, आणि पुढच्या प्रत्येक बिलातले वीस टक्के आपले. त्या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही. सर्दी-खोकल्याचे वीस टक्के कुणालाही झेपतात. केमोथेरपीचे वीस टक्के घर हलवतात. म्हणून कार्डाला कुणाची तरी जोड द्यावी लागते, आणि तिथे रस्ता दुभागतो.

एका रस्त्यावर कार्ड स्वतः पुढे राहतं. देशातल्या ज्या डॉक्टरांना मेडिकेअर चालतं, त्या कुणाकडेही जा, परवानगी नको, चिठ्ठी नको. वीस टक्के भरायला मेडिगॅप हा पूरक विमा घ्यायचा, आणि औषधांसाठी पार्ट डी. मेडिगॅपच्या योजनांना ए, बी, जी, एन अशी अक्षरं आहेत, आणि एका अक्षराची योजना बहुतेक सगळ्या राज्यांत कुठल्याही कंपनीकडून घेतली तरी तीच असते. फरक फक्त किमतीत. नव्यानं येणारे बरेच जण जी घेतात. वर्षाचे ते पहिले 257 सोडले, तर मेडिकेअरनं मान्य केलेल्या खर्चातलं जवळजवळ सगळं ती उचलते. पण तिचा दरमहा वेगळा हप्ता असतो, औषधांचा वेगळा.

दुसऱ्या रस्त्यावर कार्ड खणात जाऊन बसतं आणि एक खासगी कंपनी त्याची जागा घेते. हा पार्ट सी, मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज. पार्ट बीचा हप्ता भरायचाच, पण वर बहुतेक वेळा काही नाही किंवा थोडंसं. औषधं त्यातच, दातांचं, चष्म्याचं, व्यायामशाळेचं काही ना काही त्यात. आणि खर्चाला वरची मर्यादा, जी पहिल्या रस्त्यावर मुळात नसते. 2025 साली नेटवर्कमधल्या उपचारांसाठी ती 9350 डॉलरच्या वर ठेवता येत नव्हती. बदल्यात डॉक्टर नेटवर्कमधले असावे लागतात, आणि मोठ्या तपासण्यांना, उपचारांना आधी कंपनीची मंजुरी लागते. आज मेडिकेअर घेणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त याच वाटेनं जातात. त्यांतल्या अनेकांचं छान चाललेलं मी पाहते.

दोन्ही रस्ते खरे आहेत. पण एका रस्त्याला उलटं वळण अवघड आहे, आणि हे जाहिरातीच्या पाकिटात मोठ्या अक्षरात नसतं. पासष्टीला पार्ट बी लागू झाला की सहा महिने मेडिगॅप कंपनीला तुमचा कुठलाही आजार विचारात घेता येत नाही. मागितली ती योजना द्यावीच लागते. ते सहा महिने आयुष्यात एकदाच. पासष्टीलाच थेट अ‍ॅडव्हांटेजमध्ये गेलेल्याला पहिल्या वर्षात परतायची एक मोकळीक असते. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी तब्येत विचारते, आणि नाही म्हणू शकते. हडसनच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये बारा महिने दार उघडं. अलीकडे आमच्या न्यू जर्सीत तसं नाही. नदीच्या दोन काठांवर एकाच कार्डाची दोन नशिबं.

योजना बदलण्याच्या खुल्या नोंदणीची मुदत दरवर्षी 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर, म्हणजे दिवाळी नेहमी तिच्या आतच येते. फराळाच्या ताटांवर हाच विषय असतो. "तुम्ही कुठली घेतलीत?" चकली मोडता मोडता योजना ठरतात. मागच्या दिवाळीनंतर असंच एक जोडपं आलं. दोघंही एकाच वर्षातली, दोघांची कार्डं तीन आठवड्यांच्या अंतरानं आलेली. मित्राकडच्या फराळाला एका अ‍ॅडव्हांटेज योजनेचं नाव कळलं होतं. वर हप्ता नाही, दात आहेत, व्यायामशाळा आहे. "आम्हा दोघांना हीच घ्यायची आहे," गृहस्थ म्हणाले. मी त्यांची औषधं विचारली. रक्तदाबाची एक गोळी. डॉक्टर घरापासून दहा मिनिटांवर, त्या योजनेच्या यादीत नाव होतं. त्यांच्यासाठी ती योजना चांगलीच होती, आणि मी तसं सांगितलं.

मग मी त्यांच्या पत्नीकडे वळले. त्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. "तुमचे डॉक्टर कोण?" त्यांनी पर्समधून एक लहान वही काढली. पोस्टाच्या बचत खात्याच्या पुस्तकाएवढी, कोपरे मऊ पडलेली. चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग होऊन गेला होता. प्रत्येक तपासणीची तारीख, प्रत्येक रिपोर्टाचे आकडे त्यात बारीक अक्षरात होते. त्यांचे डॉक्टर नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये, दर सहा महिन्यांनी भेटणारे. त्या योजनेच्या यादीत ते नव्हते. मी ती यादी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी बोट फिरवत आडनाव शोधलं, वर-खाली दोनदा, आणि बोट तिथेच थांबवलं.

"मग?" गृहस्थ म्हणाले. मी सांगितलं, दोघांनी एकच घ्यायला हवी असं काही नाही. त्यांचे सहा महिने अजून चालू आहेत. त्या मूळ मेडिकेअरमध्ये राहून पूरक विमा घेऊ शकतात, या मुदतीत कंपनी त्यांचा आजार विचारू शकत नाही, डॉक्टर तेच राहतील.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझं वेगळं घेता येतं?"

चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी किती वेळा विचारला असेल, मला माहीत नाही. महिन्याला त्यांच्यावर जास्त खर्च होणार होता. तो आकडा मी कागदावर लिहिला आणि दोघांपुढे ठेवला. गृहस्थांनी तो पाहिला, मग त्या वहीकडे पाहिलं. "तिचं तिला हवं तेच करू," म्हणाले. शेजाऱ्याला लागू पडलेलं औषध आपण विचारल्याशिवाय घेत नाही. योजनेचंही तेच आहे, अगदी घरातल्या घरातसुद्धा. आपले डॉक्टर, आपल्या गोळ्या, आपले आजार, मुलं कुठल्या राज्यात राहतात, वर्षातले किती महिने आपण भारतात असतो, हे पाच कागद आधी मांडायचे, जाहिरात नंतर उघडायची.

भारताचं तर मी न विचारताच सांगते. कार्ड देशाबाहेर जवळजवळ मुकं असतं. पुण्यात पाय मोडला तर ते काही देत नाही. मेडिगॅपच्या जीसारख्या काही योजना परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ऐंशी टक्के देतात, पण प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतच, पहिले 250 डॉलर सोडून, आणि आयुष्यभरात 50,000 डॉलरपर्यंत. थंडीत चार महिने घरी जाणाऱ्यांनी वेगळा प्रवासविमा घ्यायलाच हवा. आणि तिकडे उपयोग नाही म्हणून पार्ट बी बंद करून जाऊ नये. परत आल्यावर दंड दारात उभा असतो.

आणखी काय देत नाही, तेही आधीच माहीत असावं. मूळ कार्ड नेहमीचे दातांचे उपचार, कानाचं यंत्र, चष्मा देत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आंघोळ घालायला, जेवू घालायला लागणारं माणूस देत नाही. रुग्णालयात तीन दिवस रीतसर दाखल राहिल्यावर शुश्रूषागृहातले जास्तीत जास्त शंभर दिवस मिळतात, त्यांतले वीस पूर्ण. ते बरं होण्यासाठी असतात. सांभाळासाठी नाहीत. औषधांच्या बाबतीत मात्र ते अलीकडे सुधारलं आहे. पार्ट डीमधल्या इन्सुलिनला महिन्याला 35 डॉलरपेक्षा जास्त पडत नाहीत, आणि 2025पासून वर्षभराच्या औषधांवर स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या पैशांना 2000 डॉलरची मर्यादा आली, पुढे ती थोडीथोडी वाढणारी. मधुमेह ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे, त्या आपल्या घरांना याचा अर्थ सांगायला नको. तरी दर ऑक्टोबरात गोळ्यांची यादी घेऊन योजना पुन्हा ताडून पाहावी. आपली गोळी तीच राहते, योजनेची यादी बदलते.

सगळ्यात अवघड जातं ते देशातून आलेल्या आई-वडिलांना सांगणं. मुलानं ग्रीनकार्ड करून आणलेलं असतं. पासष्टी उलटलेली असते, पण इथे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय कार्ड मागता येत नाही. मागितलं तरी पार्ट एचा पूर्ण हप्ता, 2025 साली महिन्याला 518 डॉलर, बीचे 185 वेगळे. दहा वर्षांची कमाई, म्हणजे चाळीस क्वार्टर, इथे झालेली नसते. तिकडे बँकेत, शाळेत काढलेली तीस वर्षं इथे धरत नाहीत, कारण दोन देशांत तसा करार नाही. नवऱ्याचे क्वार्टर बायकोला लागतात. मुलाचे आईला लागत नाहीत. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका आईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "म्हणजे इथे मी काही केलंच नाही असं?" त्या प्रश्नाला कार्डापाशी उत्तर नाही. माझ्यापाशीही नव्हतं. मी पाणी आणून दिलं, आणि निदान एकटा पार्ट बी घेता येतो एवढं सांगितलं.

पण या कार्डावर माझा जीव जडला तो पहिल्याच हंगामात, 2019च्या शरदात. चौऱ्याऐंशीच्या एक काकू आल्या. रुमालात दोन कार्डं गुंडाळलेली. एक नवं, एक जुनं. 2018पर्यंत कार्डावर सोशल सिक्युरिटी नंबर छापत आणि त्यापुढे एक अक्षर लावत. स्वतःच्या कमाईवर कार्ड मिळवणाऱ्याला ए. नवऱ्याच्या कमाईवर मिळालेल्या बायकोला त्याचाच नंबर आणि पुढे बी. नवरा गेला की बीच्या जागी डी. काकूंच्या जुन्या कार्डावर काकांचा नऊ आकडी नंबर होता आणि शेवटी डी. नंबर चोरीला जाऊन फसवणूक होते म्हणून सरकारनं सगळ्यांना नवे नंबर दिले, आणि जुनं कार्ड नष्ट करा असं पत्रात लिहिलं. काकूंनी ते वर्षभर केलं नव्हतं.

"कापायलाच हवं का गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडून कात्री घेतली. मी करते म्हटलं तर नको म्हणाल्या. मधून कापलं, मग आडवं कापलं, आणि तुकडे परत रुमालात ठेवले. मग नवं कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"यातलं कुठलं अक्षर ह्यांचं?"

"कुठलंच नाही, काकू. हा तुमचाच नंबर आहे. दुसऱ्या कुणाचा नाही."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. नंबर तीन गटांत छापलेला असतो. आधी चार खुणा, मग तीन, मग चार. त्यांनी पहिल्या गटावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. मग दुसरा, मग तिसरा. पुन्हा पहिल्यापासून. दिवेलागणीला परवचा म्हणावी तशा त्या तो नंबर म्हणत राहिल्या, आणि चौथ्या खेपेला त्यांनी कार्ड टेबलावर उपडं ठेवून, डोळे मिटून, एकही चूक न करता तो पुरा म्हणून दाखवला.